पायची किंमत ‘बावीस छेद सात घ्या’

वर्तुळावरचे कोणतेही गणित उघडा. शेवटी कंसात एक सूचना असते : ‘पाय = २२/७ घ्या’. ही सूचना आपण इतक्या वेळा वाचतो की हळूहळू पाय म्हणजेच २२/७ अशी समजूत होऊन बसते. मग नववीत संख्यांचा धडा येतो. तिथे विचारतात, पाय ही संख्या परिमेय की अपरिमेय? वर्ग एका सुरात उत्तर देतो, ‘अपरिमेय’. परंतु २२/७ ही तर सरळसरळ परिमेय संख्या आहे. अंशही पूर्णांक, छेदही पूर्णांक. मग एकच संख्या सोमवारी परिमेय आणि मंगळवारी अपरिमेय कशी असेल?

चाणाक्ष विद्यार्थी आणखी पुढे जाऊन विचारतो, ‘सर, पाय म्हणजे परीघ भागिले व्यास. म्हणजे ते गुणोत्तरच झाले. गुणोत्तर असूनही अपरिमेय कसे?’ दरवर्षी अकरावीच्या वर्गात हा प्रश्न कोणी ना कोणी मला विचारतो, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. या लेखात आपण या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ या. त्यासाठी आधी दोरा आणि पट्टी घेऊन बसावे लागेल.

दोरा आणि पट्टी

घरातला एखादा गोल डबा घ्या. त्याचा व्यास पट्टीने मोजा. आता शिवणाचा बारीक दोरा डब्याभोवती शेजारी शेजारी दहा वेढे घालून गुंडाळा, सोडवून मोजा आणि दहाने भागा. एकच वेढा मोजण्यापेक्षा दहा वेढे मोजले की मोजण्यातली चूकही दहाने भागली जाते. सुतळी मात्र वापरू नका. सुतळीच्या जाडीमुळे परीघ थोडा जास्त भरतो.

समजा डब्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे. परीघ साडेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. हाच प्रयोग बांगडीवर करा, थाळीवर करा. सायकलच्या टायरवर खडूने खूण करा, सायकल सरळ रेषेत ढकलत न्या आणि पाच फेऱ्यांत तोडलेले अंतर मोजून पाचाने भागा. (सायकलवर बसून हा प्रयोग करू नये. वजनाने टायर थोडा दबतो आणि चाक लहान असल्यासारखे अंतर कमी भरते.) प्रत्येक वेळी परिघाला व्यासाने भागा. उत्तर तीनपेक्षा थोडे जास्त येईल.

किती जास्त? इथेच पट्टी हात टेकते. दहा सेंटिमीटरचा व्यास मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर गुणोत्तरात शेकडा एक, म्हणजे सुमारे ०.०३ इतका फरक पडतो. तुमचे उत्तर ३.११ ते ३.१७ यांच्यामध्ये कुठेही येऊ शकते. एक मीटर व्यासाच्या चाकावर पायचे चौथे दशांश स्थळ शोधायचे म्हटले, तर तो व्यास मिलिमीटरच्या काही शतांशांइतका अचूक मोजावा लागेल. म्हणून पहिला धडा असा : मोजून पायचा अंदाज येतो, पाय मिळत नाही. पाय मिळवायचा तर विचार करावा लागतो.

सर्व वर्तुळांना एकच संख्या का?

बांगडीला आणि गाडीच्या चाकाला एकच गुणोत्तर का असावे? ‘पुस्तकात आहे म्हणून’ हे त्याचे उत्तर नव्हे. खरे उत्तर समरूप त्रिकोणांत आहे.

एक लहान आणि एक मोठे वर्तुळ काढा. दोन्हींच्या आत बारा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढा आणि केंद्र सर्व शिरोबिंदूंना जोडा. प्रत्येक वर्तुळात बारा समद्विभुज त्रिकोण तयार होतील. दोन्ही वर्तुळांत केंद्राजवळचा कोन ३० अंशांचाच आहे. म्हणून लहान वर्तुळातील त्रिकोण मोठ्या वर्तुळातील त्रिकोणाशी समरूप आहे, आणि ‘बाजू भागिले त्रिज्या’ हे गुणोत्तर दोन्हींकडे सारखे आहे. साहजिकच ‘बहुभुजाकृतीची परिमिती भागिले व्यास’ हेही सारखेच. बाराऐवजी बाराशे किंवा बारा लाख बाजू घेतल्या तरी हा युक्तिवाद बदलत नाही. बाजू वाढवत नेल्या की बहुभुजाकृती वर्तुळाला चिकटत जाते. म्हणून वर्तुळांचे गुणोत्तरही एकच.

एक गमतीची गोष्ट लक्षात घ्या. हा युक्तिवाद सपाट कागदावरच चालतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुव हा केंद्रबिंदू मानून विषुववृत्त हे ‘वर्तुळ’ पाहा. पृष्ठभागावरून चालत मोजलेली त्याची त्रिज्या म्हणजे ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर, अर्थात पृथ्वीच्या घेराचा चौथा भाग. व्यास झाला घेराचा अर्धा भाग. मग परीघ भागिले व्यास किती? बरोबर २! गोलाच्या पृष्ठभागावर लहानमोठ्या वर्तुळांची गुणोत्तरे वेगवेगळी येतात, कारण तिथे सपाट कागदावरची समरूपता नसते. पाय ही सपाट प्रतलाची देणगी आहे.

आर्किमिडीजचा सापळा

सिराक्यूजचा आर्किमिडीज (इ. स. पू. २८७ ते २१२) याने पायला दोन बाजूंनी कोंडीत पकडले. वर्तुळाच्या आत सुसम षट्कोन काढा. त्याची बाजू त्रिज्येइतकीच असते, म्हणून परिमिती सहा त्रिज्या, म्हणजे तीन व्यास. आता वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणारा चौरस काढा. त्याची परिमिती चार व्यास. वर्तुळ या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून पाय ३ पेक्षा मोठा आणि ४ पेक्षा लहान.

आर्किमिडीजने आतून आणि बाहेरून षट्कोन घेतले आणि बाजू दुप्पट करत नेल्या : ६, १२, २४, ४८, ९६. आज गणकयंत्राने काढलेल्या किमती अशा आहेत (परिमिती भागिले व्यास) :

६ बाजू : आतून ३.००००, बाहेरून ३.४६४१
१२ बाजू : आतून ३.१०५८, बाहेरून ३.२१५४
२४ बाजू : आतून ३.१३२६, बाहेरून ३.१५९७
४८ बाजू : आतून ३.१३९४, बाहेरून ३.१४६१
९६ बाजू : आतून ३.१४१०, बाहेरून ३.१४२७

आतली संख्या वर चढते, बाहेरची खाली उतरते आणि मधली फट दर वेळी सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. आर्किमिडीजकडे दशांश अपूर्णांक नव्हते, गणकयंत्र तर नव्हतेच. सगळी वर्गमुळे त्याने अपूर्णांकांत, सुरक्षित बाजूला झुकवून काढली आणि निष्कर्ष मांडला की पाय हा ३ १०/७१ पेक्षा मोठा आणि ३ १/७ पेक्षा लहान आहे.

आता ३ १/७ म्हणजे किती? बावीस छेद सात! म्हणजे ज्या गणितज्ञाच्या ग्रंथातून २२/७ ही संख्या आपल्यापर्यंत आली, त्याने स्वतःच सिद्ध करून ठेवले होते की पाय २२/७ पेक्षा लहान आहे. त्याच्या दृष्टीने २२/७ हे सापळ्याचे वरचे दार होते. पुढच्या लोकांनी दारालाच घर समजले.

हा सापळा तुम्हीही लावू शकता. त्रिज्या १ घ्या. आतल्या बहुभुजाकृतीची एक बाजू माहीत असेल, तर दुप्पट बाजूंच्या आकृतीची बाजू अशी मिळते : जुन्या बाजूचा वर्ग ४ मधून वजा करा, त्याचे वर्गमूळ काढा, ते २ मधून वजा करा आणि उरलेल्या संख्येचे पुन्हा वर्गमूळ काढा. षट्कोनाची बाजू १. मग ४ − १ = ३, त्याचे वर्गमूळ १.७३२०५१, २ मधून वजा केल्यावर ०.२६७९४९, त्याचे वर्गमूळ ०.५१७६३८. याला १२ ने गुणून व्यासाने, म्हणजे २ ने भागा : ३.१०५८. हा नियम पायथागोरसच्या प्रमेयावरून दोन पायऱ्यांत सिद्ध होतो. तो सिद्ध करण्याचे काम तुमच्यावर सोपवतो.

‘आसन्न’, ‘स्थूल’ आणि ‘सूक्ष्म’

आपल्या देशात आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी ‘आर्यभटीय’ ग्रंथ रचला. त्यात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आहे. भागाकार करा : ३.१४१६. पण संख्येइतकाच महत्त्वाचा आहे त्याने वापरलेला शब्द. हा परीघ ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा आहे, असे तो सांगतो.

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त दोन किमती दिल्या. ३९२७/१२५० ही ‘सूक्ष्म’, आणि २२/७ ही ‘स्थूल’, व्यवहाराला चालण्याजोगी. यांतली पहिली म्हणजे आर्यभटाचीच किंमत : ६२,८३२ आणि २०,००० या दोहोंना १६ ने भागून पाहा. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या मठात शिकणाऱ्या मुलांना २२/७ ही किंमत ‘स्थूल’ आहे हे ठाऊक असणार. आज आठशे वर्षांनी आपण तो शब्द मात्र गाळून टाकला आहे.

चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू छुंगचीने ३५५/११३ ही फारच सुरेख किंमत शोधली. पहिल्या तीन विषम संख्या दोनदोनदा लिहा, ११३३५५, आणि मधोमध तोडा. पहिला भाग छेद, दुसरा अंश. लक्षात ठेवायला याहून सोपी गोष्ट नाही.

पुढची मोठी उडी केरळात पडली. चौदाव्या शतकात माधव या गणितज्ञाने बहुभुजाकृती सोडून दिल्या आणि अनंत श्रेणीचा मार्ग धरला :

पाय = ४ × (१ − १/३ + १/५ − १/७ + १/९ − …)

वर्तुळ कुठेही दिसत नाही. केवळ विषम संख्या, आणि त्यांतून पाय! पण ही श्रेणी फार सावकाश चालते. पाचशे पदे घेतली तरी चूक सुमारे ०.००२ राहते. माधवाच्या परंपरेने यावर एक नामी उपाय शोधला : श्रेणी मध्येच थांबवा आणि उरलेल्या शेपटीसाठी एक दुरुस्ती करा. पाच पदांची बेरीज चारने गुणली की ३.३३९६८ येते. त्यातून २०/१०१ ही दुरुस्ती वजा करा. उत्तर ३.१४१६६! पाच पदांत तीन दशांश स्थळे पक्की. माधवाच्या नावावर असलेली पायची किंमत दहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे.

याच परंपरेतील नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावरील भाष्यात प्रश्न उपस्थित केला : आर्यभटाने खरा परीघ सोडून ‘आसन्न’ परीघ का दिला? त्यांचे उत्तर थोडक्यात असे. ज्या मापाने मोजल्यावर व्यास निःशेष मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजला की काही तरी उरतेच. ज्या मापाने परीघ निःशेष मोजला जाईल, त्याने व्यास मोजताना शिल्लक राहील. माप कितीही लहान घ्या, शिल्लक लहान होत जाईल. पण दोन्हीकडे शून्य शिल्लक कधीही मिळणार नाही.

गुणोत्तर असून अपरिमेय कसे?

आता सुरुवातीच्या शंकेचे उत्तर आपल्या हातात आले. परिमेय संख्या म्हणजे नुसते कोणतेही गुणोत्तर नव्हे, तर दोन पूर्णांकांचे गुणोत्तर. व्यास पूर्णांक असेल तर परीघ पूर्णांक नसतो; परीघ पूर्णांक असेल तर व्यास नसतो. पाय हे दोन लांबींचे गुणोत्तर आहे, दोन पूर्णांकांचे नाही. चौरसाचा कर्ण आणि बाजू यांचे गुणोत्तर असेच दोनच्या वर्गमुळाइतके, म्हणून अपरिमेय असते. त्यात नवल वाटत नाही, मग पायचेच का वाटावे?

नीलकंठांनी जे म्हटले, त्याची काटेकोर सिद्धता १७६१ मध्ये लँबर्ट या गणितज्ञाने दिली. म्हणून पायचा दशांश विस्तार ३.१४१५९२६५३५… असा चालतच राहतो. त्यात कोणताही गट अखंड पुन्हा पुन्हा येत नाही. याउलट २२/७ = ३.१४२८५७१४२८५७…, सहा अंकांचा गट सारखा फिरतो. तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांची फारकत होते.

१८८२ मध्ये लिंडेमान याने त्याहून कठीण गोष्ट सिद्ध केली. पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बीजगणिती समीकरणाचे पाय हे उत्तर असू शकत नाही. दोनचे वर्गमूळ अपरिमेय असले तरी निदान ‘क्ष चा वर्ग = २’ या समीकरणात सापडते; पाय असा कुठेच सापडत नाही. यामुळे, केवळ पट्टी आणि कंपास वापरून वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची, दोन हजार वर्षे चाललेली खटपट कायमची संपली. ते अशक्य आहे.

जाता जाता नावाविषयी. पाय हे ग्रीक लिपीतील ‘प’ उच्चाराचे अक्षर. या गुणोत्तरासाठी ते प्रथम १७०६ मध्ये विल्यम जोन्स याने वापरले आणि पुढे ऑयलरच्या ग्रंथांमुळे रूढ झाले.

क्षेत्रफळात तोच पाय कसा आला?

परिघात पाय आहे, ठीक. पण क्षेत्रफळातही तोच पाय का? वेगळी संख्या का नाही?

जाड कागदाचे वर्तुळ कापा. घडी घालून त्याच्या सोळा सारख्या पाकळ्या करा आणि कापा. आता त्या एक वर टोक, एक खाली टोक अशा शेजारी शेजारी मांडा. आकृती समांतरभुज चौकोनासारखी दिसेल, फक्त वरखालच्या कडा किंचित लाटेसारख्या. पाकळ्या बारीक केल्या की लाटा सपाट होतात आणि आकृती आयताकडे झुकते. या आयताची उंची म्हणजे त्रिज्या. निम्म्या पाकळ्यांचे कंस वर आणि निम्म्यांचे खाली, म्हणून लांबी परिघाच्या निम्मी, म्हणजे पाय × त्रिज्या. क्षेत्रफळ झाले पाय × त्रिज्या × त्रिज्या. परिघातला पाय पाकळ्यांबरोबर चालत क्षेत्रफळात आला. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. सूत्र पुन्हा कधी पाठ करावे लागत नाही.

पुढची पायरी गोलाची. एक चांगले गोल नागपुरी संत्रे घ्या. मधोमध कापून अर्धुकाची कड कागदावर गिरवा आणि तशी पाच-सहा वर्तुळे काढा. आता पूर्ण संत्र्याच्या सालीचे लहान तुकडे करून ते वर्तुळांत भरा. साधारण चार वर्तुळे भरतात. गोलाचे पृष्ठफळ = ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग. ‘लीलावती’त हाच नियम आहे, तिथे गोलाच्या पृष्ठभागाला चेंडूवरच्या जाळ्याची उपमा दिली आहे. आर्किमिडीजने सिद्ध केले होते की गोलाचे घनफळ त्याला नेमक्या बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोनतृतीयांश असते. हा शोध त्याला इतका प्रिय होता की त्याच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. इ. स. पू. ७५ मध्ये सिसेरोने झुडपांत हरवलेली ती समाधी याच खुणेवरून ओळखली.

पृथ्वीला दोरी आणि शर्यतीचे पट्टे

विषुववृत्ताभोवती, सुमारे ४०,०७५ किलोमीटर लांबीची एक दोरी घट्ट बांधली आहे अशी कल्पना करा. आता दोरीत फक्त एक मीटरची भर घाला आणि ती सगळीकडे सारखी उचलून धरा. दोरी आणि जमीन यांत किती फट पडेल? बहुतेकांना वाटते, केसाएवढीसुद्धा नाही. हिशोब करा. परीघ १ मीटरने वाढला, तर त्रिज्या १ भागिले (२ × पाय) मीटरने वाढते, म्हणजे सुमारे १६ सेंटिमीटर. मांजर आरामात जाईल! आणि विशेष म्हणजे पृथ्वीऐवजी लिंबू घेतले तरी फट तेवढीच. मूळ त्रिज्या हिशोबात येतच नाही.

हा नुसता गमतीचा प्रश्न नाही. शाळेच्या मैदानावर धावण्याचे पट्टे आखताना हेच गणित लागते. पट्टे एक मीटर रुंदीचे असतील, तर पूर्ण एका फेरीत बाहेरच्या पट्ट्यातील मुलाला आतल्यापेक्षा २ × पाय × १, म्हणजे सुमारे ६.२८ मीटर जास्त धावावे लागते. मैदान लहान असो वा मोठे. म्हणून प्रत्येक बाहेरच्या पट्ट्याची सुरुवातीची रेषा तेवढी पुढे सरकवायला हवी. ती सरकवली नाही, तर चौथ्या पट्ट्यातील मुलीला जवळजवळ १९ मीटर जादा धावूनही ‘हरली’ असे ऐकावे लागेल.

किती दशांश पुरे?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव चाकाच्या परिघापेक्षा थोडी आखूड करतात, तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. ती आकसून चाक घट्ट आवळते. चाकाचा व्यास १.२ मीटर असेल, तर परीघ ३.७६९९ मीटर. २२/७ घेतल्यास ३.७७१४. फरक दीड मिलिमीटर. लोखंड ५०० अंशांनी तापले तर एवढी धाव दोन सेंटिमीटरहून जास्त वाढते. त्यापुढे दीड मिलिमीटरची काय मातब्बरी? म्हणून लोहाराला २२/७ पुरते. भास्कराचार्यांचे ‘व्यवहाराला चालण्याजोगे’ ते हेच.

आता याच किमतींनी पृथ्वीचा विषुववृत्तीय घेर काढा. व्यास १२,७५६ किलोमीटर धरला, तर चूक किती होते पाहा :

३.१४ घेतल्यास सुमारे २० किलोमीटर
२२/७ घेतल्यास सुमारे १६ किलोमीटर
३९२७/१२५० घेतल्यास सुमारे ९४ मीटर
३५५/११३ घेतल्यास सुमारे साडेतीन मीटर

पुष्कळांना ३.१४ ही किंमत २२/७ पेक्षा ‘जास्त शास्त्रीय’ वाटते. प्रत्यक्षात ती जास्त चुकीची आहे! अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत ग्रहांकडे जाणाऱ्या यानांच्या सर्वात काटेकोर हिशोबांसाठी पायची पंधरा दशांश स्थळे वापरतात. त्याहून अधिक लागत नाहीत.

तरीही माणसाने हाव सोडलेली नाही. इंग्लंडच्या विल्यम शँक्सने हातांनी हिशोब करून १८७३ पर्यंत ७०७ स्थळे काढली. पुढे १९४० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा ५२८ व्या स्थळापासून सगळे अंक चुकलेले निघाले. आपल्या रामानुजनने १९१४ मध्ये पायसाठी विलक्षण वेगवान श्रेण्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका श्रेणीचे केवळ पहिले पद घेतले तरी सहा दशांश स्थळे बरोबर येतात. १९८५ मध्ये गॉस्परने तीच श्रेणी संगणकावर चालवून सुमारे पावणेदोन कोटी अंक काढले. २०२२ मध्ये हा आकडा शंभर लाख कोटींवर गेला, आणि नंतर तोही मागे पडला. अशा हिशोबांनी संगणकांची चांगली परीक्षा होते. पण त्यांतून एका साध्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही : पायच्या विस्तारात शून्य ते नऊ हे अंक अखेरपर्यंत सारख्या प्रमाणात येतात का? मोजलेल्या भागात तसे दिसते. सिद्धता कोणाजवळही नाही. कदाचित ती तुमच्यापैकी कोणाची वाट पाहत असेल.

तुमच्यासाठी

१. सव्वीस इंची चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर धरा. शाळा २ किलोमीटरवर असेल, तर चाकाच्या किती फेऱ्या होतील? हिशोब २२/७ आणि ३.१४१६ दोन्हींनी करा. उत्तरात एका फेरीचा तरी फरक पडतो का?

२. बाजू दुप्पट करण्याचा नियम वापरून १२ वरून २४ बाजूंवर जा आणि वरच्या तक्त्याशी ताडा.

३. माधवाची श्रेणी ‘न’ पदांनंतर थांबवल्यास बेरजेला चारने गुणून ४न/(४न² + १) ही दुरुस्ती करतात. शेवटचे पद धन असेल तर ती वजा करायची, ऋण असेल तर मिळवायची. दहा पदांसाठी करून पाहा.

४. पायच्या जागी ३ घेतल्यास सोळा मीटर घेराच्या विहिरीचा व्यास किती सेंटिमीटरने चुकेल?

आणि परीक्षेत ‘पाय = २२/७ घ्या’ असे असेल, तर खुशाल घ्या. फक्त ‘घ्या’ हा शब्द नीट वाचा. प्रश्न काढणाऱ्याने ‘आहे’ असे म्हटलेले नाही.